ओढ्याकाठी आणि बांधावर रामकाठी बाभूळ लावायची आहे – बी, राखण, छाटणी सगळं सांगा

दुधनाकाठ
राम राम मंडळी. आमची जमीन सेलू तालुक्यात, काळी भारी, एका अंगाला ओढा आणि बाकी बांध. कापूस, सोयाबीन, तूर. ओढ्याच्या कडेला आजोबांच्या वेळच्या बाभळी होत्या, त्यातल्या काही वीटभट्टीला गेल्या, काही बांध सरळ करताना जेसीबीखाली गेल्या, आणि आता दर पावसाळ्यात ओढा आमच्या बाजूचा काठ खात चाललाय. मला तिथं परत बाभूळच उभी करायची आहे, मुद्दाम लावून, आणि जमली तर रामकाठी. तीच ती, उभ्या खराट्यासारखी सरळ वर जाणारी, सावली कमी पाडणारी.

गावात कुणालाही सांगितलं की एकच उत्तर, बाभूळ काय लावायची असते व्हय, ती आपोआप येते. येते ना, पण आता आपोआप येते ती वेडी बाभूळ. गावरान बाभळीचं नवीन रोप आमच्या शिवारात दिसतच नाही, जी आहेत ती सगळी जुनी झाडं.

तर बी थेट टाकायचं की पिशवीतलं रोप लावायचं, बी कुठून घ्यायचं म्हणजे रामकाठीच निघेल, शेळ्यांपासून कसं वाचवायचं, छाटणी कधी करायची आणि कापसाला त्रास किती होतो, हे ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. नुसतं 'गुगल कर' नको.

काळीमाती_जालना
जागा एकदम बरोबर निवडलीस भावा. काळी माती आणि ओढ्याचा काठ, बाभळीला अजून काय पाहिजे. वाचतोय.

बांधकरी
लांब लिहितो, चालेल ना.

बी थेट जागेवर टाक. बाभळीचं सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल जातं, वर वीतभर रोप दिसतं तेव्हा खाली मूळ त्याच्या कितीतरी पुढं गेलेलं असतं. पिशवीत ते तळाला लागून गोल वळतं आणि ते वळण जन्मभर तसंच राहतं, मग झाड मोठं होऊन वाऱ्यात कलायला लागतं आणि लोक म्हणतात जमीन खराब. रोपच लावायचं असेल तर उंच पिशवीतलं घे आणि कोवळं असतानाच जमिनीत घाल. पिशवीत वर्ष काढलेलं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नको.

बी आत्ताच गोळा कर, मे चालू आहे, शेंगा पिकून गळताहेत. शेंगा वाळवून बडवायच्या, बी वेगळं करायचं. बारीक भोक पडलेलं बी बाजूला काढ, त्यात भुंगा शिरलेला असतो. बाकीचं पाण्यात टाकून वर तरंगेल ते फेकून दे. किलोत साधारण ७ ते ११ हजार बिया बसतात, म्हणजे तुला दोन ओंजळी म्हणजे खूप झालं. कवच फार टणक असतं, तसंच टाकलं तर थोडं यंदा उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, थोडं कधीच नाही. म्हणून पाणी उकळायचं, चुलीवरून खाली उतरवायचं, जरा वाफ मोडली की बी त्यात टाकायचं आणि तसंच थंड होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी फुगलेलं बी पेरायचं. बी घालून चुलीवर उकळायचं नाही, शिजून जातं.

खड्डा फूटभर खोल-रुंद, माती भुसभुशीत करून परत भरायची, एका जागी तीन बिया, अर्धं पेर खोल, त्याहून जास्त नको. मृगाचा चांगला पाऊस झाला की टाक. आठ-पंधरा दिवसांत वर येतं. श्रावणात सगळ्यात जोमाचं एक ठेवून बाकीची काढ. जुन्या बाभळीच्या बुडाची मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकलीस तर उत्तम, मुळांवर गाठी लवकर धरतात आणि त्याच गाठी हवेतला नत्र ओढतात.

धनगरवाडा
बांधकरी दादा, गरम पाण्याचं बरोबर आहे तुमचं, पण आमच्याकडं त्याहून सोपं आहे. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात आणि रात्री वाड्यात रवंथ करताना टणक बिया थुंकून देतात. सकाळी वाडा झाडताना बिया ओंजळीनं मिळतात. शेळीच्या पोटात भिजून आल्यामुळं कवच नरम पडलेलं असतं, उगवण झकास होते. आमचे आण्णा कुणी बी मागायला आलं तर झाडाकडं बोट दाखवत नाहीत, वाड्याकडं दाखवतात. गावात कुणाचा शेळ्यांचा गोठा असेल तर सांगून ठेवा, एक पैसा लागायचा नाही.

आता ते बी रामकाठीचं का साध्या बाभळीचं, ते शेळीला विचारून सांगतो, हाहा.

गॅलरीतली_बाग
शेळी = नैसर्गिक बीजप्रक्रिया केंद्र. आवडलं हे!

ट्रॅक्टरवाला_गेवराई
मी विरोधात लिहिणार, राग मानू नका. ओढ्याला लावा, शंभर लावा. बांधावर लावू नका. पाच कारणं देत बसत नाही, एकच सांगतो, काटा. वाळलेली फांदी रानात पडते, मातीत दबते आणि नेमकी पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरात निघते. हार्वेस्टरवाला बांधावर बाभूळ बघूनच दर वाढवून सांगतो. बैलाच्या काळात बाभूळ परवडत होती, घरचं औत, घरची गाडी, सगळ्याला लाकूड लागायचं. आता कुणाच्या घरी नांगर लाकडाचा आहे? आणि सावलीतलं सोयाबीन नुसतं उंच वाढतं, शेंगा धरत नाही, हे मी स्वतःच्या रानात बघतो.

सुतारमेट
लाकूड लागत नाही असं कोण म्हणतं? आमचं पिढीजात सुतारकाम. बैलगाडी कमी झाली हे खरं पण कुऱ्हाडीचा, कुदळीचा, टिकावाचा दांडा आजही बाभळीचाच मागतात, ज्यानं दिवसभर खोदलंय त्याला विचारा. चाकाचा तुंबा बाभळीचाच, आरे बाभळीचे, कुळवाचं दिंड बाभळीचं. का, तर धक्का सोसतं, फाटत नाही. सागाची किंमत जास्त, पण आपटण्या-ठोकण्याच्या कामात साग बाभळीपुढं टिकत नाही.

त्यात रामकाठीचा बुंधा सरळ, गाठी कमी, म्हणून कापायला सोपा आणि वाया कमी जातो. लाकूड तोडल्यावर लगेच वापरायचं नाही. बुंधे पाण्यात, डोहात बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. त्यानं कीड लागत नाही आणि तडे जात नाहीत. बाहेरचा पांढरा भाग किडीला लवकर बळी पडतो, आतला तांबूस गाभा खरा. म्हणून कोवळं झाड तोडण्यात अर्थ नाही, गाभा भरायला वेळ द्यावा लागतो. आणि जळण म्हणाल तर बाभळीच्या निखाऱ्यावर भाकरी शेकलेली ज्यानं खाल्लीय त्याला आकडे नकोत, तरी सांगतो, किलोला ४८०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देतं.

ट्रॅक्टरवाला_गेवराई
@सुतारमेट दांड्याचं मान्य. कुऱ्हाड माझ्याकडं पण बाभळीच्याच दांड्याची आहे. टायरचं काय ते सांगा.

बांधकरी
टायरचं उत्तर छाटणी. छाटलेली फांदी त्याच दिवशी उचलायची आणि कुंपणाला लावायची, रानात वाळू द्यायची नाही. वाळून पडलेली फांदी काटे सांडते, हिरवी कापलेली फांदी उचलून नेता येते. शिवाय काटे कोवळ्या झाडाला लांब आणि भरपूर असतात, झाड जुनं होईल तसे नवीन फांद्यांवर कमी आणि आखूड होत जातात.

केतकी_वनस्पती
एक मधेच सांगते. दुधनाकाठ, बी गोळा करताना खात्री करून घ्या कारण खूप जण वेडीचं बी आणून पेरतात. गावरान बाभळीची शेंग करड्या रंगाची, लवदार, दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी दिसते. फूल म्हणजे गोल पिवळा गोंडा, मंद वास. वेडीची शेंग पिवळट, जाडसर, जवळजवळ सरळ, फार आवळलेली नसते, आणि फूल गोल नसून बोटभर लांब तुरा. वेडी अमेरिकेकडची, १८७०च्या दशकात इंग्रजांच्या काळात इकडे आणली, बाभळीच्या कुळातलीच म्हणावी पण वेगळी जात.

शास्त्रीय नावाचंही सांगून ठेवते कारण माहिती शोधताना लागेल. जुन्या पुस्तकात अकेशिया निलोटिका मिळेल, नव्यात व्हॅचेलिया निलोटिका. २००५ आणि २०११च्या वनस्पतिशास्त्र परिषदांनंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडं राहिलं. दोन्ही नावांनी शोधा. रामकाठी ही त्याचीच उपजात, क्युप्रेसिफॉर्मिस. आपल्याकडची पसरट ती तेलिया. आणखी एक कौरिया म्हणून असते, तिचं लाकूड कमी प्रतीचं समजतात.

दुधनाकाठ
ताई हे फार कामाचं झालं. मग रामकाठीचं बी पेरलं तर रामकाठीच येईल का? आमच्याकडं एका मंदिरामागं तीन रामकाठी आहेत पण शेजारीच तेलिया पण आहे.

केतकी_वनस्पती
शेजारी तेलिया असेल तर मधमाश्या दोन्हीकडं फिरतात, त्यामुळं मधली रूपं निघतात, अर्धवट पसरट. म्हणून जिथं रामकाठीच रामकाठी आहेत तिथलं बी बघा. नाहीच मिळालं तर दुप्पट जागी पेरा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ज्यांच्या फांद्या खोडाला धरून वर जाताहेत तेवढीच बांधावर ठेवा. बाकीची ओढ्याला पसरट असली तरी काय बिघडलं.

चंबू_गबाळे
म्हणजे पेराल तसं उगवेल याची पण गॅरंटी नाही राहिली.

रायपूरकर
आमच्या कुटुंबाच्या तीन पिढ्या छत्तीसगडात गेल्या. ट्रॅक्टरवाल्या दादांच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं. इथं भाताच्या खाचरात, बांधावर आणि अगदी मधोमधसुद्धा, बाभूळ ठेवायची जुनी पद्धत आहे. कुणी लावत नाही, उगवलेली राखतात, खालच्या फांद्या छाटत जातात, दहा-बारा वर्षांची झाली की तोडतात, तोवर दुसरी वाढलेली असते. झाडाखाली भात कमी होतो हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो आणि तरी ठेवतो, कारण लाकूड, जळण आणि पडलेल्या पाल्याचं खत मिळून हिशेब जुळतो. पावसाळ्यात खाचरात पाणी उभं असतं तरी बाभूळ मरत नाही, हे महत्त्वाचं. ओढ्याच्या पुरानं ती मरेल अशी भीती असेल तर काढून टाका.

इतिहासवेडा
रायपूरकर, तुमच्यावरून आठवलं. सिंधमध्ये याच झाडाची शेतं असायची, हुरी म्हणतात त्याला. शेतात दाट बाभूळ पेरायची, चार-सहा वर्षं वाढवायची आणि कोळशाच्या खाणीत आधाराचे खांब म्हणून विकायची. जमीन तेवढी वर्षं विश्रांती घेते, नत्र वाढतो, मग परत कापूस. म्हणजे बाभूळ पीक म्हणून घेतात ही काही नवी कल्पना नाही.

ब्रिस्बेनकर
मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये राहतो आणि हा धागा वाचताना मनात दोन्ही बाजू चालू आहेत. मूळचा मी बार्शीचा, बाभळीखाली खेळून मोठा झालो. इथं त्याच झाडाला प्रिकली अकेशिया म्हणतात आणि ते देशाच्या सगळ्यात घातक तणांच्या यादीत आहे. आपली भारतातली उपजातच. १८९०च्या दशकात मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून लोकांनी कौतुकानं लावली. पुढं गुरं शेंगा खाऊन लांब लांब शेणातून बी टाकत गेली, ओल्या वर्षांत रोपं उगवली आणि आज ६० लाख हेक्टरहून जास्त गवताळ माळावर ती आहे. जिथं नुसतं गवत होतं तिथं काटेरी रान. सरकार आणि शेतकरी दरवर्षी प्रचंड पैसा घालून ती काढतात.

दुधनाकाठ, तुझ्या ओढ्याकाठी ती घरची आहे, तिला खाणारे किडे, शेळ्या, भुंगे सगळे तिथं आहेत, लाव बिनधास्त. मी एवढंच सांगतो की झाड चांगलं की वाईट हे जागेवर ठरतं. भारतातून कुणी हिचं बी परदेशात नेऊ नका, प्लीज.

माळढोक_मित्र
ब्रिस्बेनकर यांच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन आणि त्यात भर. मी सोलापूर भागातला. परदेश सोडा, आपल्याकडंही प्रत्येक मोकळ्या जागी झाड लावायची घाई नको. नान्नजचं माळढोक अभयारण्य ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथं रांगेनं झाडं उभी केली की माळढोक, धाविक, चंडोल यांची जागा जाते, लांडगा आणि खोकड हलतात. माळावर मूळचे विरळ हिवर, बोर, एखादी बाभूळ असते तेवढीच पुरे. वृक्षारोपणाच्या उत्साहात लोक गायरानावर खड्डे खणतात आणि शंभर जातींचं गवत मारतात, ते बघून जीव तुटतो. ओढाकाठ आणि शेताचा बांध या बाभळीच्या खऱ्या जागा. तिथं ती पक्ष्यांना पण आसरा देते, सुगरणीची घरटी ओढ्यावर झुकलेल्या फांदीला जशी सुरक्षित असतात तशी दुसरीकडं कुठं नाही. खाटीक तर शिकार काट्यालाच टोचून ठेवतो.

गॅलरीतली_बाग
खाटीक पक्षी आणि बाभळीचा काटा, वा. माझा छोटा प्रश्न, मोठ्या कुंडीत बाभूळ येईल का? पुण्यात चौथा मजला, ऊन भरपूर.

केतकी_वनस्पती
येईल पण मूळ खोल जायला मागतं त्यामुळं झाड कायम तडफडत राहील. फुलांच्या वासासाठी हवी असेल तर देवबाभूळ बघा, झुडूपच असतं, फुलं जास्त सुवासिक. पण तीही जमिनीतच खुलते. सोसायटीच्या आवारात लहान मुलं खेळत नाहीत असा कोपरा असेल तर तिथं.

दाभोळखाडी
आमच्या कोकणात बाभूळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं ऑस्ट्रेलियन बाभूळच येते. सामाजिक वनीकरणानं कातळाच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं रांगाच्या रांगा लावल्या. वाढते झपाट्यानं, काटे नाहीत, सरपण मिळतं, पण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही, खाली दुसरं काही उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. तिला आपण पानं म्हणतो ती खरी पानंच नव्हेत, देठ चपटे झालेले असतात. आमच्याकडचं त्या कुळातलं खरं झाड म्हणजे खैर. कात त्याच्या गाभ्यापासून, चिपळूण-सावर्ड्याकडं अजून कातकारखाने आहेत.

धनगरवाडा
मग दुधनाकाठनं खैरच लावावा की, बाभळीपेक्षा पैसा जास्त मिळंल.

दाभोळखाडी
काका, पैसा मिळतो पण वाट बघायची तयारी हवी, गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं. आणि खैर तोडायला वनखात्याची परवानगी लागते, १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीतलं झाड आहे. परवानगी नसताना वाहतूक केली तर गाडी जप्त. शिवाय त्याला निचऱ्याची जमीन हवी, काळ्या चिकट मातीत ओढ्याच्या पाण्यात त्याचं मन रमत नाही. वरच्या मुरमाड तुकड्यात हिवर किंवा खैर, खाली काळीत बाभूळ.

पंचगंगेकाठी
आमच्या कोल्हापूरकडचं एक लिहितो, धाग्याला सोडून आहे पण बाभळीला धरून आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीनं कमावतात ते बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं. कातड्याची पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरून टांगून ठेवायचं, साल आपलं काम करते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार. मानांकन चपलेला मिळालं पण सालीसाठी बाभूळ कोण लावतंय? म्हणून हा धागा बघून बरं वाटलं.

आणि अजून एक. आमच्याकडं नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात जास्त पाण्यानं जमिनी चोपण झाल्यात, मीठ वर आलंय. तिथं जिथं काहीच येत नाही तिथं बाभूळ येते.

सुतारमेट
साल जिवंत झाडाची सोलू नका एवढं लक्षात ठेवा. तोडलेल्या झाडाचीच घ्यायची. गोल सोललेलं झाड वाळतं.

मोहोळ_ताई
डिंकाचं कुणीच बोललं नाही! लाडवाला बाभळीचा डिंक म्हणून बाजारातून आणतो तो खरंच बाभळीचा असतो का?

बांधकरी
ताई, लाडवाला बाजारात चांगला म्हणून जो मिळतो तो बराचसा धावड्याचा असतो. बाभळीचा डिंकही खातात, फाल्गुन-चैत्रात जखम झालेल्या जागी ओघळतो, पण एका झाडाला फार येत नाही. कोयत्यानं मोठ्या खाचा पाडून डिंक काढायच्या नादी लागू नका, तिथूनच खोडकिडा शिरतो.

रोपवाटिका_निवृत्त
खोडकिड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, नोकरी सगळी रोपवाटिकेत गेली. बाभळीला पहिल्या दोन-तीन वर्षांत तीन शत्रू. पहिली शेळी, तिला सगळे ओळखतात. दुसरं गवत. हे लोकांना पटत नाही. बाभूळ उन्हाची भुकेली, सावलीत किंवा उंच गवतात दबली की पिवळी पडून बसते. पहिले दोन पावसाळे बुडाभोवती हातभर गोल मोकळा ठेवा, काढलेलं गवत तिथंच आच्छादन म्हणून पसरा. मी बघितलेल्या फसलेल्या लागवडींपैकी बहुतेक पाण्यावाचून गेल्या नाहीत, गवतात गुदमरून गेल्या.

तिसरा लांब मिशांचा भुंगेरा. मोठा किडा कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो आणि अळी बुंध्यात, मुळात बोगदा करते. बुडाशी भुसा पडलेला दिसला की समजायचं. भोकात तार घालून अळी मारायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा आणि वर चिखल लिंपायचा. फारच पोखरलेलं झाड काढून जाळायचं, नाहीतर शेजारच्यात जातो. काड्यांची पिशवी करून लटकणारी अळी पण दिसेल, ती हातानं तोडून टाकली तरी पुरे.

छाटणीचं सांगतो. पहिल्या वर्षी हात लावू नका. दुसऱ्या हिवाळ्यापासून खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच्याच फांद्या काढा, त्याहून वर गेलात तर बुंधा बारीक राहून झाड वाकतं. धारदार कोयता, खोडाला लागून, साल न फाटता. रामकाठीला हे काम निम्मंच असतं. आणि लक्षात असू द्या, बाभूळ बुडातून तोडली तर परत फुटेल याचा भरवसा नाही, सुबाभळीसारखं तिचं नाही. म्हणून तोडाल त्या वर्षी शेजारी बी पेरा.

काळीमाती_जालना
काका हे प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. गवताचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ट्रॅक्टरवाला_गेवराई
बरं, माझा विरोध थोडा कमी झाला. पण बांधाची दिशा बघा. आपल्याकडं रब्बीत सूर्य दक्षिणेला असतो, सावली उत्तरेकडं पडते. दक्षिणेच्या बांधावर झाड लावलं तर हरभरा-ज्वारी सगळी सावलीत. उत्तरेच्या बांधावर लावलं तर सावली शेताबाहेर. खरिपात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सावली बुंध्याशीच, त्यामुळं कापसाला दोन्हीकडं सारखंच.

चंबू_गबाळे
उत्तरेला शेजाऱ्याचं रान असेल तर त्याला आधी चहाला बोलवा.

दुधनाकाठ
हाहा, सुदैवानं उत्तरेच्या बांधापलीकडं गाडीवाट आहे, रान नाही. आणि पश्चिमेचे शेजारी आमचे काकाच आहेत, त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले ओढ्याला लावतोस तर माझ्या बाजूनं पण लाव, काठ दोघांचाच जातोय.

आता असं ठरवलंय. ओढ्याच्या काठावर दोन ओळी, एकाआड एक, तिथं तेलिया-रामकाठी जे येईल ते. उत्तरेच्या बांधावर फक्त सरळ वाढणारी ठेवणार, आमच्या हद्दीत दोन हात आत. वरच्या मुरमाड कोपऱ्यात दाभोळखाडी म्हणतात तसा हिवर. माळढोक_मित्र, गावच्या गायरानात लावायचा एक विचार होता तो सोडला. शेळ्यांचं अजून कळत नाही, तारेचं कुंपण परवडणार नाही आणि ओढ्याला गावची सगळी जनावरं पाण्याला येतात.

धनगरवाडा
जनावरं येणारच, ती वाट बंद करू नका, नाहीतर भांडण लागंल. ओढ्यावर उतरायला एक गाळा मोकळा ठेवा आणि बाकीच्या काठाला वेड्या बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, आडव्या लावा. प्रत्येक रोपाभोवती पण एक फेसाटी, दगड ठेवून दाबलेली. शेळीचं तोंड पोचत नाही एवढं झाड वाढलं की काढायची. आणि मेंढपाळाला बोलून सांगा, राखलं तर पुढं शेंगा तुझ्याच कळपाला. राखतो माणूस, आमचा अनुभव आहे.

सुतारमेट
वेडी तोडून गावरान राखायची, हे आवडलं. वेडी बुडातून फुटत राहते, दरवर्षी फेसाटी तयार.

ब्रिस्बेनकर
मस्त! पुढच्या वर्षी फोटो टाक रे.

मोहोळ_ताई
आमच्या बांधावर पण चार टाकायच्या आहेत, बी उरलं तर मला पाठवाल का? पोस्टाचा खर्च मी देते.

दुधनाकाठ
नक्की ताई. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रामकाठीचं चांगलं बी मानवत रोडला एका ओळखीच्यांच्या शेतात मिळतंय, तिथं आसपास तेलिया नाही. शेंगा या आठवड्यात आणतो. बी जूनपर्यंत ठेवायचं कशात?

बांधकरी
चांगलं वाळवून राखेत घोळ आणि कापडी पिशवीत ठेव, प्लास्टिकमध्ये नको. सोबत कडुनिंबाचा वाळका पाला टाक, भुंगा लागत नाही. आणि भिजवायची घाई करू नको, पाऊस हुलकावणी देतो. जमीन चांगली वीतभर ओली झाली की त्या रात्री गरम पाण्यात टाक आणि दुसऱ्या दिवशी पेर. थोडं बी मागं राखून ठेव, जिथं उगवलं नाही तिथं आषाढात परत टाकायला.